एकसारखे ठोके

बाबा घड्याळजी. घरात जेवायला जरा उशीर झाला, तरी ताईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटायचं. अशा माणसाच्या घरी वेळेच्या कितीतरी आधीच टपकणारं पोर यावं! ताईनं आपल्या या धाकट्या भावाचं नाव ठेवलं सेकंदकाटा. बारीक, आणि क्षणभर स्वस्थ नाही.

दवाखान्यात काचेच्या पेटीत तो झोपला की वरच्या पडद्यावर त्याच्या काळजाची हिरवी रेघ धावायची. कधी सुसाट, कधी रेंगाळत. बाबांचा जीव टांगणीला.

"दुकानात आलं असतं ना, तर आधी उघडून बघितलं असतं," ते पुटपुटायचे.

"उघडू नका हं, काका," नर्सबाई हसायच्या. "झोपेत बाळांचं असंच असतं. श्वास घेतला की काळीज पळतं, सोडला की मंदावतं. हातपाय हलवायला लागलं की आणखी सैरभैर. तसंच हवं."

बाबा मान हलवायचे, पण पटायचं कुठे? जन्मभर मागेपुढे होणारी घड्याळं वठणीवर आणलेला माणूस तो.

एका दुपारी मात्र त्यांचा चेहरा उजळला. "ताई, बघ. लागला एकदाचा वळणावर. टक, टक, टक. केसाचाही फरक नाही."

खरंच नव्हता. सेकंदकाटा निपचित पडला होता. बोटसुद्धा हलत नव्हतं.

"आईला सांगतो आता," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी ते हसत होते. ताई मात्र पडद्यावरून नजर काढेना. तसंच हवं, असं म्हणाल्या होत्या ना नर्सबाई? मग हे असं कसं?

"नर्सबाईंना बोलावू?"

"कशाला उगाच? झोपू दे गं त्याला."

तिनं बाबांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे एकदा पाहून घेतलं आणि घंटा दाबली.

नर्सबाईंनी पडद्याकडे पाहिलं. आज त्या हसल्या नाहीत. मागोमाग डॉक्टर धावत आले, दोघांना बाहेर काढलं. बऱ्याच वेळानं ते दाराशी आले. "रक्तात जंतू गेलेत, म्हणून ठोके असे एकसारखे झालेत. लवकर कळलं, औषध सुरू केलंय. पण जीव फार लहान आहे. आता वाट बघायची."

"मी तर खूश झालो होतो गं," बाबा म्हणाले.

दाराच्या काचेतून पडदा दिसत होता. रेघ तशीच, एकसारख्या ठोक्यांची. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून ताईच्या हातात कोंबलं, काचेला कपाळ टेकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "चूक की रे जरा. एकदा तरी चूक."

रेघ चुकली नाही.