दलदलीतल्या राक्षसाचं पोट

प्रियकर दारात उभा होता, हातात बॅग होती, आणि त्याला अडवायला नायिकेकडे एकच वाक्य उरलं होतं. निवेदिका माइकच्या जवळ सरकली, आवाज पार खाली आणला आणि जीव ओतून म्हणाली, "जाऊ नकोस."

त्यावर कुठूनतरी चढत्या भाजणीने उत्तर आलं, "गुर्रर्र... गुडगुडगुड... घुळुक."

काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाने रेकॉर्डिंग थांबवलं. त्याला सगळा स्टुडिओ कानसेन म्हणायचा. वाचणाऱ्याने सुती शर्ट घातलाय की नायलॉनचा, हे तो डोळे मिटून सांगू शकायचा, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

"ताई, एकदा परत घेऊ या," तो म्हणाला.

परत घेतलं. प्रियकर परत दारात आला, परत "जाऊ नकोस", आणि परत तेच. या वेळी शेवटी एक लहानसा शिट्टीसारखा सूर.

मग शोध सुरू झाला. एसी बंद केला. खुर्ची बदलली. निवेदिकेने घड्याळ काढलं, चपला बाहेर ठेवल्या. कानसेनने गुडघ्यांवर बसून टेबलाखालची वायर तपासली आणि भिंतीला कान लावून वरच्या मजल्यावरच्या नळाची चौकशी केली. शेवटी तो बूथच्या दारात उभा राहिला आणि छताकडे बघत म्हणाला, "ताई, आवाज तुमच्याकडून येतोय."

"माझ्याकडून म्हणजे?"

"म्हणजे... आतून."

निवेदिकेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं ती पुस्तकं वाचून दाखवत होती. तिचा श्वाससुद्धा कधी कापावा लागला नव्हता. "भूक लागली असेल मला," ती तुटकपणे म्हणाली. पण ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तासाभरापूर्वीच तिने कानसेनच्या देखत एक जाडजूड हेल्थ बार चावून चावून संपवला होता.

तो बार वन्संनी दिला होता.

वन्सं म्हणजे निवेदिकेची थोरली नणंद. त्यांच्या फ्लॅटचं रंगकाम निघालं म्हणून त्या भावाकडे राहायला आल्या होत्या, एक सूटकेस आणि पावडरीचे चार मोठे डबे घेऊन. पावडर पांढरी, किंचित गोडसर, चिकोरीच्या मुळापासून काढलेली. नाव इन्युलिन. डब्यावर एक सडपातळ बाई हवेत उडी मारताना दाखवली होती.

वन्सं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी तेवढी निघाली होती. आवाजातली तशीच होती. हाताखाली मुलं उरली नव्हती, म्हणून त्यांनी घरातल्यांची आतडी ताब्यात घेतली. सकाळच्या कॉफीत पावडर. सूपमध्ये पावडर. ब्रेडच्या पिठात, ऑम्लेटमध्ये, कापलेल्या सफरचंदावर भुरभुरून पावडर.

"पोटातले चांगले जंतू उपाशी मरतायत तुमचे," त्या डाव फिरवत म्हणायच्या. "त्यांना खायला घाला आधी."

जंतूंना मिळू लागलं आणि ते माजले. निवेदिकेच्या नवऱ्याने पट्टा एक भोक पुढे नेला, मग आणखी एक, मग पट्टाच सोडला. जेवणाच्या टेबलावर अतिशय सभ्य गोंगाट होऊ लागला. कोणाच्या पोटात गुडगुडलं की दुसरा लगेच खुर्ची सरकवायचा. कोणी विनाकारण खोकायचं, कोणी चमचा पाडायचं. खिडक्या उघड्या ठेवायला सगळे एकदम उठायचे. आणि वन्सं जेवण झालं रे झालं की बूट घालून बाहेर पडायच्या. "जेवणानंतर भरभर चालायला हवं," असं सांगून त्या तासभर गायब व्हायच्या.

त्या संध्याकाळी निवेदिकेने धीर करून विषय काढला. "वन्सं, ही पावडर पोटाला सोसते ना सगळ्यांच्या? नाही म्हणजे, आवाज फार होतात हल्ली."

"आवाज येतात म्हणजे काम चालू आहे," वन्सं म्हणाल्या. "बंद कारखान्यातून आवाज येतो का कधी?"

नवऱ्याने मान खाली घालून सूप ढवळलं. बहिणीपुढे त्याचं कधीच काही चालत नसे. आई सतत आजारी असायची तेव्हा याच बहिणीने त्याच्या वेण्या घालायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. बाकी न्हाऊमाखू घालण्यापासून गणितं सोडवून घेण्यापर्यंत सगळं केलं होतं. निवेदिकेलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ती तोंड मिटून चमचा उचलत होती. आणि वन्संचा जीव होता तिच्यावर. पहाटे उठून, न कंटाळता, तिच्यासाठी त्याच पावडरीचे बार थापायच्या त्या. तोंडावर नको कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत जाण्याआधी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, टिचक्या मारल्या आणि काय काय खाता ते विचारलं.

"हे विष वगैरे काही नाही," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "थोडं घेतलं तर पुष्कळांना बरंच असतं. पण ते लहान आतड्यात पचत नाही. तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पोट हळवं असेल, किंवा एकदम खूप पोटात गेलं, की फुगतं, गुडगुडतं, कधी कळही येते. तुम्ही किती घेता?"

"मी घेत नाही. मला दिलं जातं."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "थोडे दिवस बंद करा. मग चिमूटभर सुरू करून बघा. पोटच सांगेल काय ते."

"सांगतंय की. रेकॉर्डसुद्धा झालंय," निवेदिका म्हणाली.

स्टुडिओत पोचली तर कानसेन विलक्षण खुशीत. त्याने तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन्स दिले आणि म्हणाला, "रागावणार नसलात तर एक ऐकवतो."

हेडफोन्समधून एक काळोखी दलदल ऐकू आली. बेडूक, वारा, पाण्यात पडणारे थेंब. आणि मग चिखलाच्या तळातून काहीतरी अवाढव्य जागं झालं. ते गुरगुरलं, उसासलं, कूस बदलली आणि वर आलं. निवेदिकेच्या अंगावर काटा आला.

"कसला प्राणी आहे हा?"

"तुम्हीच," कानसेन म्हणाला. "थोडा हळू केलाय, थोडा खाली उतरवलाय. लहान मुलांच्या मालिकेसाठी राक्षस शोधत होतो कधीचा. वाघ लावून पाहिला, म्हैस लावून पाहिली, पाइपातून स्वतः ओरडून पाहिलं. काही केल्या दलदल येईना. आणि काल तुम्ही 'जाऊ नकोस' म्हणालात..."

निवेदिका आधी लाल झाली. मग तिला त्या प्रियकराची दया आली. मग तिला जे हसू सुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. कानसेनने तिच्या नकळत रेकॉर्डिंग चालू केलं होतं, कारण हसताना पोट आणखी छान गुडगुडत होतं.

तेव्हापासून दोघांनी एक गुप्त वेळापत्रक आखलं. कादंबरीच्या दिवसाआधी निवेदिका वन्संची नजर चुकवायची: कॉफी कुंडीत, सूप सिंकमध्ये, बार पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी पोट असं गप्प, की कानसेन काचेवर टकटक करून विचारायचा, "आहात ना?" राक्षसाच्या दिवशी मात्र ती वन्संपुढे ताट धरून आणखी मागायची, आणि वन्सं कृतार्थ व्हायच्या. पुढे व्हायचं ते ठरल्याप्रमाणे व्हायचं. राक्षस चिडला, राक्षस झोपला, राक्षस पोहायला शिकला. आवाज पावडरीचाच, याबद्दल कुठल्याही शंकेला जागा उरली नाही.

फक्त कानसेनने घोळ घातला. एकदा पर्समधले तीन बार त्याने सरळ खाऊन टाकले आणि दिवसभर स्वतःच्या पोटाला माइक लावून बसला. काही नाही. साधी कुरकुरसुद्धा नाही. "आमच्याकडे साउंडप्रूफ आहे वाटतं," तो हिरमुसून म्हणाला. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं. एकाला सोसतं ते दुसऱ्याला फुगवतं.

हे सगळं गमतीचं होतं, पण राक्षसाच्या दिवशी संध्याकाळी निवेदिका पोट धरून पडून असायची, आणि कुंडीतलं रोप मान टाकू लागलं होतं. शिवाय नवरा. तो बिचारा दोन्ही दिवशी खात होता. एकदा तो ऑफिसच्या मीटिंगमधून फोन न वाजताच फोन घ्यायला बाहेर पळाला, तेव्हा निवेदिकेने ठरवलं, आता वन्संना सांगायचंच. पण असं सांगायचं, की त्यांचं त्यांनाच कळेल.

"वन्सं," ती म्हणाली, "आमच्या मालिकेत एक कडक आज्जी आहे. राक्षसाला दटावणारी. तुमच्यासारखा आवाज कोणाचा नाही. याल?"

वन्संनी आढेवेढे घेतले, ते घ्यायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, भरपेट नाश्ता करून त्या स्टुडिओत हजर. कानसेनने आधी त्यांना राक्षस ऐकवला.

"बाप रे," त्या म्हणाल्या. "कुठून आणलात हा?"

"पाळीव आहे," कानसेन म्हणाला. निवेदिकेने त्याच्या पायावर पाय दिला.

वन्सं बूथमध्ये बसल्या. जाड दार बंद झालं. आत सुईसुद्धा पडली तर ऐकू जाईल अशी शांतता. चालायला रस्ता नाही, खोकायला सोबत नाही, खुर्ची तर जमिनीला पक्की बसवलेली. कानांवर हेडफोन्स. वन्संनी छाती भरून श्वास घेतला आणि दरडावल्या, "आधी तोंड धू! मग—"

"ब्रर्रर्र..." हेडफोन्समध्ये गडगडलं.

त्या थबकल्या. मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "राक्षस बंद करा जरा," त्या काचेकडे बघून म्हणाल्या.

"बंदच आहे, मॅडम."

पुन्हा गडगडलं, लांबवर, डोंगराआडून गाडी यावी तसं, आणि शेवटी असा काही हुंकार निघाला की कानसेनच्या हातातलं पेन पडलं. वन्संचा हात हळूहळू स्वतःच्या पोटावर गेला.

काचेपलीकडे निवेदिकेचं धाबं दणाणलं. आता वन्संच्या डोळ्यांत पाणी येणार नाहीतर घर डोक्यावर घेतलं जाणार, या दोन्हींची तिने तयारी केली. वन्संनी हेडफोन्स नीट केले. पुढे वाकल्या.

"मघाचा तो पाळीव कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," निवेदिका माइकचं बटण दाबून म्हणाली. "तुमच्या पावडरीमुळे. सॉरी, वन्सं."

वन्संनी पोटावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "माझा जास्त चांगला आहे."

"काय?"

"तिचा बारीक आहे. शेवटी ढेपाळतो. तिचा काढा आणि माझा घ्या. थांबा, अजून येतोय."

आणि आलाच. वन्सं ताठ बसून, एक हात वर करून इशारा देत होत्या, जणू शर्यत सुरू करून देताहेत. निवेदिका आणि कानसेन एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते, आणि हसता हसता एकही घुळुक वाया जाऊ देत नव्हते.

घरी परतताना वाटेत एका बाकावर वन्सं बसल्या. निवेदिकाही बसली.

"मला वाटायचं, वयामुळे होतंय," वन्सं समोर बघत म्हणाल्या. "पोट दगडासारखं व्हायचं गं. चारचौघांत नको म्हणून मी बाहेर पळायचे. आणि तुम्ही सगळे इतके छान जेवत होतात, तेव्हा म्हटलं, आपल्यातच खोट आहे."

"आम्ही छान जेवत होतो?" निवेदिका म्हणाली. "वन्सं, तुमच्या भावाने पट्टा सोडला."

"मला वाटलं, फॅशन आहे."

यावर दोघी इतक्या हसल्या की समोरून जाणारा पोस्टमन थांबून बघू लागला.

त्याच संध्याकाळी वन्संनी स्वयंपाकघरात नवा नियम जाहीर केला: पावडर ज्याची त्याने घ्यायची, हवी तर, अर्ध्या चमच्याच्या वर नाही, आणि पोट बोललं तर ऐकायचं. जाहीर अशा थाटात केला, की हा शोध त्यांचाच. नवऱ्याला सुटल्यासारखं झालं. तो कित्येक दिवसांनी दुसऱ्यांदा सूप वाढून घेऊन निवांत बसला. वन्सं स्वतः अर्धा चमचा घेऊन पाहत होत्या, आणि तेवढा त्यांना खरंच मानवला. निवेदिकेला चिमूटही नको झाली. उरलेले डबे कानसेन घेऊन गेला.

मालिका आली तेव्हा वन्सं आपल्या ताज्या रंगाच्या फ्लॅटमध्ये परतल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना ऐकायला बोलावलं, शेजारच्या दोन मुलांनाही. राक्षस गुरगुरला तशी धाकटी उशीमागे लपली, आणि वन्संच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं तसं त्यांनी जिंकलेल्या कुठल्याही ढालीने पसरलं नसेल. शेवटी श्रेयनामावली आली. कडक आज्जी म्हणून वन्संचं नाव होतं. राक्षसाच्या नावापुढे मात्र एवढंच वाचलं गेलं: एक खेळाडू.

"राक्षसाचा आवाज कोणी काढला?" धाकटीने विचारलं.

नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तोही कान टवकारून बसला. वन्संनी निवेदिकेकडे पाहिलं, निवेदिकेने खिडकीबाहेर.

"ओळखीतला आहे," वन्सं म्हणाल्या. "पण फार लाजाळू. चल, सरबत देते तुला."