खुशालीच्या पत्राचं प्रकरण

सोफे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला कामाच्या वेळी धड रागावताही येत नाही. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने ताणून धरलेलं कापड आणि ओठांत बारीक खिळे. त्यातच कानात वाजणारं पुस्तक पुढे जायचं सोडून कालच्याच जागी परत आलं, म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाते, पण तोंडावाटे बाहेर पडायची सोय नसते.

हे ऐकायचं पुस्तक लेकीचं. वसतिगृहात शिकायला जाताना तिने आपल्या खात्यावरून ते बाबाच्या फोनवरही सुरू करून दिलं होतं. दोघांनी ऐकायचं आणि संध्याकाळी फोनवर हसायचं, असं ठरलं होतं. पोरासोरांसाठीचं आहे पण तुला आवडेल, असं ती म्हणाली होती, आणि आवडलंच त्याला. एका नावाजलेल्या निवासी शाळेची त्यात मनसोक्त खिल्ली उडवली होती. तिथे आनंदी राहण्याचे मार्क मिळत. दर आठवड्याला घरी खुशालीचं पत्र लिहायचं. ‘बरं आहे’ लिहिलं की मार्क कापले, ‘अतिशय मस्त’ लिहिलं की भिंतीवर फोटो. वाचणारी बाई मुख्याध्यापकांचा असा काही घोगरा आवाज काढी की कारागीर आधी खिळे तळहातावर काढून घेई आणि मग पोट धरून हसे.

पण गेले काही दिवस गोष्ट त्या पत्रापाशीच अडून बसली होती. पुस्तकातली मुलगी डोळे पुसत ‘अतिशय मस्त’ लिहिते, पत्र पेटीत टाकते आणि फाटकाकडे चालू लागते. इथून पुढचं ऐकायला त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आणि नेमकं तेव्हाच कोणी गिऱ्हाईक गादी घेऊन दारात उभं राही. परत येऊन बटण दाबावं, तर पुन्हा पत्राची सुरुवात. त्याने फोनला दोष दिला, मग बायकोला दिला. तू माझ्या फोनला हात लावतेस, असं तो म्हणाला, त्यावर तिने दिवसभर अबोला धरला. फोनवाल्या दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि ठणठणीत आहे म्हणून परत केला. कारागिराचं डोकं आणखीच फिरलं.

मग एके दुपारी, मुलगी फाटकाशी पोहोचते न पोहोचते तोच आवाज बंद पडला. चिकट बोटांनी त्याने फोन उचलला. पडद्यावर लिहिलं होतं, हे पुस्तक आता दुसऱ्या फोनवर सुरू आहे.

दुसरा फोन एकच होता. आणि या वेळी लेक वर्गात असायला हवी होती.

त्याच्या रागाचं पाणी झालं. रोज संध्याकाळी ती काय सांगते, ते त्याला आठवलं. सगळं मस्त चाललंय. रोज तेच, त्याच सुरात, आणि तोही रोज समाधानाने फोन ठेवून देई. त्याने खिळे डबीत थुंकले आणि तिला फोन लावला.

तिने उचलला. “मस्त चाललंय बाबा, वर्गात आहे,” ती हळूच म्हणाली.

“अगं, आपल्या दोघांचं पुस्तक एकाच खात्यावर. मी रोज पुढे नेतो आणि तू रोज मागे आणतेस,” तो म्हणाला. “ते पत्र आता मलाही पाठ झालंय.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मला त्याच्या पुढे ऐकवतच नाही,” ती म्हणाली. “फाटकापाशी काय होतं, बाबा? तू ऐकलंस?”

त्याने कुठे ऐकलं होतं? त्यापायीच तर त्याने इतके दिवस घर डोक्यावर घेतलं होतं.

“तिचा बाप येतो न्यायला,” त्याने सांगून टाकलं, आणि अर्धवट मढवलेला सोफा तसाच सोडून तो गाडीची किल्ली शोधू लागला.