राखाडी झाकणातून कृपा शिरत नाही

साखरबाबांना आमच्या रुग्णालयाच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. दोन बाजूंना दोन रखवालदार आणि बाबांची मखमली पेटी माझ्या काखेत. आता हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचा. कारण अधीक्षकांच्या नोंदीप्रमाणे साखरबाबा इथे कधी आलेच नव्हते.

या न आलेल्या बाबांसाठी दर सोमवारी पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमत. पहिल्या रांगेत अधीक्षक. सकाळी आठला बाबांचे सेवक प्रत्येकाचं दोन नळ्या रक्त काढत. एक नळी लगेच खाली आमच्या लॅबमध्ये. दुसरी मखमली पेटीत, वर पिवळा दिवा. पेटीवर हात ठेवून बाबा दुपारी चारपर्यंत डोळे मिटून बसत. लोक त्याला समाधी म्हणत; घोरण्याचा आवाज मलाच येत असावा. मग ती नळी लॅबमध्ये यायची आणि साखर निम्म्यावर! मशीन आमचं, छापील कागद आमचा, खाली तंत्रज्ञाची सही. तंत्रज्ञ म्हणजे मी.

"साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी लागते," मी एकदा सेवकाला म्हणालो. "तिच्यात औषधाची पूड असते."

"राखाडी झाकणातून कृपा शिरत नाही. लालच पाहिजे."

मला हसू आलं. हसलो आणि सही केली. रक्त घेतल्याची वेळ लिहायचा रकाना कोरा होता, तो कोराच राहू दिला.

तिसऱ्या सोमवारी रांगेत आत्या. मला लहानाचं मोठं केलं ते हिनेच. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखर आटोक्यात राहिली तर भरेल, नाहीतर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळचा आकडा ३१८, चारचा १७०.

"आजपासून सुई बंद!"

"आत्या, वेडेपणा करू नकोस. इन्सुलिन चालू ठेव."

"बघ की रे सोन्या, खाली सही तुझीच आहे. मग ती खोटी का?"

भाच्याचं कोण ऐकतं? भाच्याची सही मात्र सगळे मानतात.

तीन आठवड्यांनी ती लंगडत आली. अंगठा काळा पडलेला. बोटाला टोचून साखर पाहिली : ४६२.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, आत्याचे दोन्ही रिपोर्ट घेऊन बसल्या.

"दुसरी नळी भरली किती वाजता?"

"आठला."

"तपासली?"

"चारला."

"गाढवा!" चष्मा टेबलावर आपटला. "नळीत गेलं म्हणून रक्त मरतं का? पेशी जिवंत असतात, त्यांना भूक लागते आणि साखर समोरच असते. वर दिव्याची ऊब! लाल नळीत आठ तास पंगत झडते. राखाडी नळीतली पूड त्यांचं तोंड बांधते, म्हणून तर ती वापरायची. हे तुला शिकवलं होतं ना?"

शिकवलं होतं. परीक्षेत पूर्ण गुण होते.

पुढच्या सोमवारी बाईंनी भरल्या हॉलमध्ये एका निवृत्त शिक्षकांचं रक्त घेतलं. साखर ३००. आणखी तीन नळ्या भरल्या. एक लाल आणि एक राखाडी बाबांच्या पेटीत.

"ही तिसरी नळी, लालच आहे, कुठे ठेवू?" मी विचारलं.

"बाबा नसतील तिथे कुठेही."

मी पायातला बूट काढला, नळी त्यात उभी केली आणि बूट खाली गरम पाण्याच्या पाइपाशेजारी ठेवला.

चार वाजता बाईंनी आकडे वाचले. "बाबांची लाल, १६८. बाबांची राखाडी, २९२. बूट, १६१."

"अविश्वासाची छाया पडली," बाबा म्हणाले.

"फक्त राखाडीवर? पेटी तर एकच होती."

"लाल रंग कृपा ओढून घेतो, बाई."

"आणि बूट?"

बाबांनी डोळे मिटले. एवढ्यात एक आजोबा उठून माझ्याकडे आले. "बाळा, त्या बुटावर जरा डोकं टेकू दे. बाबांपेक्षा सात आकडे पुढे आहे." त्यांच्यामागे बघता बघता अकरा जणांची रांग लागली.

एरवी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी ओरडलो.

"अहो, साखर नळीतली उतरली, अंगातली नाही! ते रक्त परत तुमच्या अंगात घालतात का? बरी झाली ती नळी! तुम्ही घरी जाऊन सुई बंद करता आणि इथे तुमचे पाय सडतात! पुरावा मागा. बाबांकडे मागा, माझ्याकडेही मागा. सही कुणाची ते नंतर बघा, आधी विचारा, नळी भरली कधी?"

त्यानंतर मागचं दार, रखवालदार वगैरे. म्हणजे काहीच नाही.

बुधवारी शस्त्रक्रियागृहातून लॅबमध्ये एक बरणी आली. उजव्या पायाचा अंगठा, स्त्री, वय एकसष्ट. वेळेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ११.२०. नोंद मीच केली, सहीही मीच. मग अर्ज लिहायला बसलो.

प्रति,
मा. अधीक्षक.
विषय : नमुना परत मिळणेबाबत.

महोदय, आपल्या नोंदीनुसार साखरबाबा या रुग्णालयात कधीही आलेले नाहीत. सबब, त्यांच्यावर विश्वास ठेवून कुणी इन्सुलिन बंद केलेले नाही व त्यामुळे कुणाचा अंगठाही कापला गेलेला नाही. तरी सोबतचा न कापलेला अंगठा माझ्या आत्याच्या उजव्या पायास तात्काळ पूर्ववत जोडून मिळावा, ही नम्र विनंती.

सोबत : बरणी, एक.