बरणीतली कापराची वडी

धर्माजी भगताने बांबूची पाटी उचलली आणि तुकाबाईच्या पत्र्याच्या घरात दाटलेली माणसं एकदम पुढे झुकली. तीन दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत तिच्याखाली ताटलीत ठेवलेली कापराची वडी नाहीशी झाली होती. भोवती पसरलेल्या राखेत ना माणसाचं पाऊल, ना उंदराचं.

"नवसू आलता," धर्माजी म्हणाला. "सूक्ष्म देहानं. वास येतोय न्हवं घरात? त्यो त्याचा श्वास हाय."

'सूक्ष्म' हा शब्द त्याने टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतून उचलला होता आणि कांदालसणासारखा तो प्रत्येक गोष्टीत घालायचा. पिंपरी पेंढारच्या भल्या माणसांनी हात जोडले.

तुकाबाई मात्र रिकाम्या ताटलीकडे बघत राहिली. नवसूला, तिच्या नवऱ्याला, जाऊन आठ महिने झाले होते. घोडेगावात नांदणारी लेक, आशा, 'इकडं ये' म्हणून निरोपावर निरोप धाडत होती. पण घर सोडलंस तर कापराविना नवसू उपाशी भटकेल, असं धर्माजीनं बजावलं होतं. म्हणून ती राहिली. दर अमावास्येला एकेक मेंढरू धर्माजीकडे गेलं. आता एकच मेंढी उरली होती, नवसूने बाटलीने दूध पाजून वाढवलेली चांदी. पुढच्या अमावास्येला तीही जायची होती. रोज संध्याकाळी तुकाबाई ताटलीशी बोलत बसायची, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

कापूर संपला तशी ती पेठेत पानबाईच्या किराणा दुकानात गेली. नवरा, सोहनलाल शेठ, वारल्यापासून पानबाईही दुकानात एकटीच बसायची.

"एवढा कापूर कशाला लागतो तुला?" पानबाईने विचारलं.

तुकाबाईने सगळं सांगितलं. पानबाईने कापराचा डबा पुढे ओढला. वरच्या वड्या झिजून चिंचोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"झाकण सैल राहिलं की माझाही कापूर उडतो. मग इथं कोण येतं खायला? आमचे शेठ?" तिने एक झिजलेली वडी तुकाबाईच्या तळहातावर ठेवली. "ते येणार असते, तर मी डबा उघडाच ठेवला असता."

तुकाबाईने ती वडी उलटीपालटी करून पाहिली.

"घोंगड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतेस ना? वर्षभराने किती उरतात?"

"एकबी न्हाई."

"त्या कोण नेतं?"

पानबाईने फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी तिच्या हातात दिली. "एक वडी ताटलीत ठेव, एक हिच्यात. झाकण घट्ट लाव. पाटीतून शिरणाऱ्याला काच कशी अडवेल?"

अमावास्येच्या तीन दिवस आधी तुकाबाईने दोन्ही वड्या पाटीखाली ठेवल्या आणि भोवती राख पसरली. पत्रा दिवसभर तापत होता. अमावास्येला धर्माजी चांदीला न्यायला दोर घेऊन आला, मागोमाग गाव आलं. पाटी तुकाबाईनेच उचलली. ताटली रिकामी होती. बरणीत वडी जागच्या जागी होती, कोपरे तेवढे झिजलेले, आणि काचेला आतून बारीक पांढरे कण चिकटले होते.

"सूक्ष्म देहाला झाकण उघडंना व्हय?" तुकाबाईने विचारलं.

"काच चालत न्हाई त्यास्नी," धर्माजी म्हणाला.

"आमचा मालक काचंच्याच गिलासात च्या पीत व्हता."

मागे कुणीतरी हसलं. धर्माजीने दोर गुंडाळला.

यात चमत्कार काही नाही. कापूर न वितळताच घनाचा थेट वायू होतो, उकाड्यात जास्तच लवकर. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. घरभर येणारा वास त्या वायूचाच. बरणीत कोंडला की त्याला वाट मिळत नाही, म्हणून तो काचेवर पुन्हा घन होऊन बसतो.

माणसं पांगली. संध्याकाळी तुकाबाई सवयीने ताटलीपाशी बसली, बोलायला तोंड उघडलं आणि गप्प झाली. नवसू दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटून ती पोटभर रडली. सकाळी बरणी पानबाईला परत देऊन, चांदीला जीपमध्ये चढवून ती घोडेगावला निघाली.

तेव्हा मंडळी, काही नाहीसं झालं, तर भगताला बोलावण्याआधी झाकण बघा. आणि शेजारी कुणी ताटलीशी बोलत बसलं असेल, तर धर्माजी पोचायच्या आधी तुम्ही जाऊन बसा.