दोन तारखांचं पान

ऑफिसातले सगळे प्रोग्रॅमर तारखांच्या कामासाठी गुरुजींची लायब्ररी, म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरत. गुरुजी म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. तो कोड वापरायचा कसा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून ऑफिसातल्या एका तरुण प्रोग्रॅमर मुलीने त्याची माहिती देणारी साइट बांधली. प्रत्येक फंक्शनला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, एक पान, पानावर चालणारं उदाहरण, आणि कुणालाही भर घालण्याची सोय. साइट कायम ठेवायला गुरुजींची सही लागणार होती आणि गुरुजींनी नाक मुरडलं.

"कोड उघडून वाचायला हात मोडलेत का? या साइटवाचून कुणाचं अडतं ते महिन्याभरात दाखव. नाहीतर बंद कर."

महिन्याने तिने भेटींची नोंद काढली. बाकीचे अधूनमधून डोकावले होते. एक कॉम्प्युटर मात्र दोन तारखांमधले दिवस मोजण्याच्या पानावर रोज न चुकता येत होता. कॉम्प्युटर कुणाचा, हे तपासून ती तडक गुरुजींच्या टेबलाशी गेली. समोर तेच पान उघडं होतं.

"चुका शोधतोय," गुरुजी खाकरले.

"महिनाभर? किती सापडल्या?"

"एकही नाही. म्हणून तर संशय येतोय."

"गुरुजी, हे फंक्शन तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय गं! पण आधीची तारीख पहिली द्यायची की नंतरची, तेवढंच मेलं लक्षात राहत नाही."

तिने साइट कायम ठेवण्याचा अर्ज पुढे सरकवला. त्यांनी तो न वाचताच सही ठोकली.

"आता सरक बाजूला. उदाहरण उतरवून घेऊ दे."