टमाट्यांना दिलेला चुना

"अहो, चुना पानास लावतात, झाडास नव्हे! थांबा म्हणते तर!"

माझी बायको सईबाई सरीत हात पसरून ओरडत होती, आणि मी, नागोजी, घमेलं घेऊन पुढंच चाललो होतो.

सन एकोणीसशे सत्तावन्नचा उन्हाळा. तंजावरकडनं येऊन आम्ही अड्यारला नदीपल्याड रेताड जमिनीचा तुकडा कसत होतो. सईबाईची वांगी तिथं मजेत होती. ती उपटून मी टमाटी लावली. वर शेजारच्या व्यासराजाच्या पोरीच्या लग्नात साराची टमाटी मीच देणार, असं चारचौघांत सांगून बसलो. माझ्या तोंडाला झाकण नाही, दुसरं काय!

फळं धरली, पण रंग चढायच्या आधीच एकेकाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला. शेतकी खात्याचे राममूर्ती पाहून म्हणाले, "वाळूत चुना कमी आहे. फळाला तो मिळत नाही. चुना द्या, पण…"

त्या 'पण'नंतरचं ऐकायला मी थांबलोच नाही. अर्ध्या बोलण्यात मला सगळं कळतं, असा माझा समज. तडक जवळच्याच समुद्रकाठच्या कोवलमची बस धरली आणि शिंपल्यांच्या भट्टीवरनं ताज्या चुन्याचं पोतं आणलं.

मुळाशी मूठ मूठ टाकून वर पाणी सोडलं. जमीन फसफसली, वाफा निघाल्या. संध्याकाळपर्यंत दोन सऱ्या करपल्या. तिसरी वाचली, कारण सईबाई तीत उभी होती.

मी भांडायला कोवलमला गेलो. भट्टीवाली मुनियम्मा पोट धरून हसली. "सामी, तो कळीचा चुना! भिंतीला लावायचा तरी आधी भिजवून निववतात. तुम्ही जित्या मुळांवर टाकलात?"

उरलेला चुना सईबाईनं मडक्यात भिजवला, निवू दिला, आणि वरची निवळी पाण्यात मिसळून मुळांना घातली. मग माझ्याकडं वळली. "आणि पाणी रोज द्यायचं, थोडं थोडं. तुमचं एक दिवस पूर, चार दिवस कोरडं. मुळांतला चुना फळापर्यंत चढंल कसा?"

पुन्हा पाहायला आलेले राममूर्ती बांधावरनं म्हणाले, "मी तेच सांगणार होतो."

महिनाभर मी घागरी वाहिल्या. नवी फळं धरली ती बुडापर्यंत तांबडी. लग्नाला एक टोपली निघाली, पहिल्या पंगतीपुरती.

वराच्या बापानं तीनदा सार मागितलं. "वाळूत असली टमाटी? काय केलंत, नागोजीराव?"

पंगत माझ्याकडं बघू लागली. सईबाई पळी घेऊन वाढत होती.

"दोन सऱ्या मी जाळल्या," मी म्हणालो. "तिसरी हिनं राखली."

"वा! काय विनय!" म्हणत सगळे हसले, आणि व्यासराजानं मानाचं उपरणं माझ्याच खांद्यावर टाकलं.

मी वाटी पुढं केली. सईबाई थांबली, तोंडाला पदर लावून म्हणाली, "संपलं."

पळी भरलेली होती. ती शेजारच्या वाटीत गेली.