बुचापाशी वळण

मार्गशीर्षाची सकाळ. धुक्याच्या धुवट पदराआड सूर्य अजून तोंड धूत होता, आणि मिरजेतल्या त्या छोट्या अंगणात बुचाचं उंच, उत्तुंग, किंचित उद्धट झाड आपली शेवटची शुभ्र, लांबदेठी, मंदगंधी फुलं एकेक करून खाली सोडत होतं.

फुलं अलगद पडत होती. मुळं अलगद वागत नव्हती.

फाटकापासून पायरीपर्यंतची शहाबादी फरशी त्यांनी अशी उचलली होती, की जणू भुईनंच भुवई उंचावावी. त्या उंचावल्या भुवईसमोर निवृत्त ओव्हरसियर नरहर कुंभोजकर हताश उभे होते.

उद्या त्यांची बायको मंदाकिनीबाई दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. मांडीचं हाड जोडून, चाकाच्या खुर्चीतून. चाकाला वाट सपाट लागते. आणि झाड बाईंचंच. सव्वीस वर्षांपूर्वी इवल्याशा पिशवीतून आणून त्यांनी लावलेलं. ‘जरा लांब लाव,’ असं नरहरराव तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर ते वाक्य ते किती वेळा म्हणाले, हे झाडालाच ठाऊक.

वाट हवी, तर मूळ तोडायचं. मूळ तोडायचं, पण झाड मरता कामा नये. झाड मेलं तर? हा ‘तर’ त्यांनी मनातसुद्धा पुरा केला नाही.

बत्तीस वर्षं त्यांनी रस्ते आखले. सरळ, सडेतोड, दोरीतून ओवलेले रस्ते. टेकडी आडवी आली, तर टेकडीनं सरकायचं. रेषा त्यांची देवता, सपाटी दाखवणारी पाणसळ तिचा टाक.

मुळासाठी बोलावलेल्या रोपवाटिकेच्या गजराबाई आल्या, त्या कुऱ्हाड न घेताच. खुरपं, हातकरवत, ओलं पोतं. नरहररावांच्या कपाळी आठी. बाईंनी खोडाला हळदकुंकू लावलं, ‘भिऊ नगंस’ असं झाडाला सांगितलं. नरहररावांना कोणी काही सांगितलं नाही.

फरश्या निघाल्या. मग माती. ओंजळीओंजळीनं, फुंकरीफुंकरीनं, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी. सकाळ वितळली, ऊन तापलं, नरहरराव त्याहून तापले.

“बाई, एवढ्या वेळात मी पूल बांधला असता!”

“म्हनूनच पडत्यात ते, सायेब.”

बोटाएवढी मुळं बाईंनी करवतीनं नीट, स्वच्छ कापली. पिरगळली नाहीत, ओढली नाहीत. उघड्या मुळांवर ओलं पोतं टाकलं. मग मनगटाहून जाड मूळ आलं, आणि करवत खाली ठेवली.

“ह्याला न्हाई. खोड हातभर रुंद, तर पाच हातांच्या आतलं जाड मूळ तोडायचं न्हाई. तोडलं तरी झाड उभं ऱ्हातं म्हना, पर वारं सुटंस्तवर.”

वाट अडीच हातांवर होती.

नरहरराव चिडले, कळवळले, शेवटी स्वतःच करवत उचलून खड्ड्यात उतरले. दाते मुळाला टेकले. आणि नजर, बत्तीस वर्षांच्या सवयीनं, रेषेवरून धावली.

खोडापासून पायरीपर्यंत मूळ सरळ गेलं होतं. सरळ, सलग, निश्चल. काळोखात, दोरीवाचून, पाणसळीवाचून. इतकी निर्दोष रेषा त्यांनी फक्त स्वतःच्या नकाशावर पाहिली होती. रस्त्यावर कधीच नाही.

आधी त्यांना राग आला. मग हेवा. मग करवतीवरची पकड सुटली.

“च्यायला,” ते पुटपुटले, “ही रेषा कशी तोडू?”

गजराबाईंनी बागेचा पाण्याचा पाइप ओढून आणला आणि झाडाला दुरून वळसा घालून भुईवर सोडला. दोरीला जे आयुष्यात जमलं नव्हतं, ते पाइपाला एका झटक्यात जमलं.

मुळांवर त्यांनी माती परत लोटली. दिवेलागणीपर्यंत नरहररावांनी त्या वळणावर, न खणता, वाळूच्या मऊ थरावर एकेक फरशी बसवली. प्रत्येक फरशीबरोबर एक उसासा.

दुसऱ्या दिवशी खुर्ची फाटकात आली. मंदाकिनीबाईंनी वाटेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“वाकडी?”

“वळण आहे,” नरहरराव ताठ मानेनं म्हणाले.

“मी तेव्हाच म्हटलं होतं. वाट जरा लांबून घाला.”

नरहररावांनी खुर्ची ढकलली. वाट वळली, चाक वळलं, बाईंची मान झाडाकडे वळली. एक उशिरा उमललेलं फूल गिरक्या घेत त्यांच्या मांडीवर उतरलं. सरळ राहिलं ते फक्त मूळ. मातीखाली, ओलाव्यात, गुपचूप.